ॲक्वापोनिक्समध्ये पानं पुन्हा पुन्हा पिवळी पडतायत? लोह टाकत बसण्याआधी हे तपासा

ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी झाडांना फिरवायचं, माशांच्या घाणीचं जीवाणू खत करतात आणि झाडं त्यावर वाढतात. लक्षणं आधी सांगतो म्हणजे तुमचाच प्रॉब्लेम आहे की नाही ते लगेच कळेल. मासे ठणठणीत, खाणं टाकलं की वर उड्या मारत येतात, अमोनिया शून्याच्या आसपास, नायट्राइट शून्य, नायट्रेट भरपूर, म्हणजे टेस्ट किटच्या हिशोबाने सगळं झकास, आणि तरी शेंड्याची नवी पानं फिकी, मग लिंबासारखी पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. चिलेटेड आयर्न (पाण्यात विरघळून राहील असं बांधलेलं लोह) टाकलं की आठवड्याभरात नवी पानं हिरवी येतात, आपण खूश. दोन आठवडे गेले की परत तेच. परत आयर्न, परत हिरवं, परत पिवळं. मी हे चक्र चांगले चार महिने फिरवलंय, आणि दर वेळी मला वाटायचं की डोस कमी पडला असेल.

डोस कमी पडत नव्हता. पाण्यात लोह होतं, पण झाडाला घेता येत नव्हतं, कारण पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) ७.८ च्या खाली यायलाच तयार नव्हता. आणि तो का येत नव्हता हे शोधण्यात माझा सगळा वेळ गेला, म्हणून हे लिहितोय.

आधी खात्री करून घ्या की हे लोहाचंच आहे, कारण पिवळं पान म्हणजे लोह असं समीकरण डोक्यात बसलं की माणूस दुसरं काही बघतच नाही. कुठलं पान पिवळं पडतंय ते बघा. लोह झाडाच्या आत एका पानातून दुसऱ्या पानात सहज जात नाही, त्यामुळे कमतरता नव्या पानावर दिसते, जुनी पानं हिरवीच राहतात. खालची जुनी पानं अख्खीच्या अख्खी फिकी होत असतील तर नायट्रोजन कमी आहे, म्हणजे माशांच्या मानाने झाडं जास्त झालीत किंवा खाणं कमी पडतंय. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं असेल तर मॅग्नेशियम. जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या असतील तर पोटॅशियम. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोकं काळपट पडली तर कॅल्शियमकडे बघा. मँगनीजची कमतरता मात्र लोहासारखीच नव्या पानांवर दिसते आणि डोळ्याने फरक करणं अवघड जातं, पण तिचंही कारण बहुतेक वेळा तोच चढलेला पीएच असतो, त्यामुळे उपाय बदलत नाही.

आणि हो, एक झाड उपटून मुळं बघा. हे कोणी करत नाही. मुळं पांढरी किंवा फिक्या बदामी रंगाची असतील तर पुढे वाचा. तपकिरी, चिकट, गाळाने माखलेली आणि कुबट वासाची असतील तर तिथे ऑक्सिजन पोचत नाहीये, अशी मुळं पाण्यात कितीही लोह असलं तरी उचलत नाहीत, आणि वरून दिसायला डिट्टो लोहाची कमतरता. अशा वेळी आधी ग्रो बेडमधला (खडी भरलेल्या, झाडं लावलेल्या वाफ्यातला) गाळ काढा, सायफन (बेड भरला की पाणी आपोआप ओढून काढणारी नळी) बेड नीट पूर्ण रिकामा करतोय का बघा, माशांच्या टाकीतून बेडकडे जाताना घाण अडवणारा एखादा फिल्टर बसवा. पाणी खूप गार झालं असेल तरी मुळं लोह कमी उचलतात, थंडीतलं पिवळेपण कधीकधी ऊन वाढल्यावर आपोआप जातं.

मुळं चांगली आणि नवी पानं पिवळी, इथपर्यंत आलात तर पीएच मोजा. आणि इथेच एक फसगत आहे जिच्यात मी पडलो. थेंबांच्या साध्या किटचा रंगाचा तक्ता बऱ्याचदा ७.६ ला संपतो. रंग तक्त्यातल्या शेवटच्या निळ्यावर आला की आपण वहीत ७.६ लिहून मोकळे, पण तो निळा म्हणजे ७.६ किंवा त्याच्या वर काहीही, ८.४ सुद्धा तसाच दिसतो. वरच्या पट्ट्याचं वेगळं द्रावण मिळतं ते वापरा किंवा मीटर घ्या, आणि मीटर घेतलात तर कॅलिब्रेशन करा, कोरडा ठेवलेला जुना मीटर वाट्टेल ते सांगतो.

पीएच आणि लोहाचा संबंध थोडक्यात: हवा असलेल्या पाण्यात लोह फेरिक रूपात जातं आणि गंजासारखं खाली बसतं, पीएच एका अंकाने चढला की विरघळून राहू शकणारं फेरिक लोह साधारण हजार पटीने घटतं. म्हणून गंजके खिळे पाण्यात टाकायचा सल्ला ७.५ च्या वर काही कामाचा नाही, आणि साधं फेरस सल्फेट टाकलं तरी ते बघता बघता तळाला तांबूस गाळ होऊन बसतं. चिलेट म्हणजे लोहाला धरून ठेवणारा रेणू, तो लोहाला गंजू देत नाही. पण प्रत्येक चिलेटची पकड सारखी नसते आणि पाकिटावर नुसतं 'चिलेटेड आयर्न' बघून घेतलं की इथेच गंडतं. ईडीटीए नावाचं चिलेट पीएच ६.५ च्या वर गेला की लोह सोडायला लागतं आणि कॅल्शियमला धरतं, म्हणजे ॲक्वापोनिक्ससाठी जवळपास निरुपयोगी. डीटीपीए ७ ते ७.५ पर्यंत तग धरतं. ईडीडीएचए ८ च्या वर, अगदी ९ लाही टिकतं, फक्त पाणी लाल गुलाबी करतं, पहिल्यांदा टाकाल तेव्हा घाबराल, मासे दिसेनासे होतात, पण त्यांना काही होत नाही. रंगावर चालणाऱ्या टेस्ट मात्र त्या लाल पाण्यात नीट वाचता येत नाहीत, म्हणून अमोनिया, नायट्रेट जे काय मोजायचं ते आयर्न टाकायच्या आधी मोजून घ्या.

मी वापरत होतो ईडीटीए. पाकिटावर बारीक अक्षरात होतं, वाचलंच नव्हतं. मग डीटीपीएवर आलो, सुधारणा जास्त दिवस टिकायला लागली, पण चक्र काही थांबलं नाही.

आता मूळ मुद्दा. चालू, भरलेल्या सिस्टीममध्ये पीएच स्वतःहून खाली यायला पाहिजे. जीवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली अल्कलिनिटी (आम्ल पचवायची ताकद) खातं, १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात साधारण ७ ग्रॅम. आता बघा, दिवसाला ३२ टक्के प्रोटीनचं १०० ग्रॅम खाणं टाकलं तर त्यात नायट्रोजन ५ ग्रॅमच्या आसपास. त्यातला ३ ग्रॅम जरी अमोनिया म्हणून बाहेर पडला असं धरलं तर रोज २० ग्रॅमच्या आसपास अल्कलिनिटी उडाली. १००० लिटर पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम अल्कलिनिटी असेल तर एकूण साठा २०० ग्रॅमचा, म्हणजे कागदावर दहा दिवसांत खडखडाट. झाडं नायट्रेट उचलताना थोडी अल्कलिनिटी परत सोडतात त्यामुळे प्रत्यक्षात जास्त दिवस लागतात, पण दिशा खालचीच. मग महिनोन्महिने खाणं चालू आहे, नायट्रेट बनतंय, आणि पीएच ७.८ ला खिळा मारल्यासारखा जागच्या जागी, तर याचा अर्थ कोणीतरी मागच्या दाराने कार्बोनेट आत टाकतंय. तो चोर पकडायचा, बाकी सगळी मलमपट्टी.

संशयित मोजके असतात. खडी, वरून भरायचं पाणी, टाकी स्वतः सिमेंटची असेल तर ती, आणि कॅल्शियमच्या नावाने आपणच कधीतरी टाकलेली एखादी गोष्ट.

खडीची टेस्ट सगळ्यांना माहीत असते, विनेगरमध्ये टाका, बुडबुडे आले तर चुनखडी. पण ती नीट करा. दोन खडे टाकून पास म्हणू नका, खडी मिश्र असते, बेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वीस-तीस खडे घ्या, धुवून वाळवा, काचेच्या ग्लासात विनेगरमध्ये पूर्ण बुडवा आणि दहा-पंधरा मिनिटं बघत बसा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात, सतत येणारी बारीक फेसाची साखळी म्हणजे कार्बोनेट. डोलोमाइट असेल तर अख्ख्या खड्यावर विनेगर फारसं काही करत नाही, तो फोडून पूड करून बघावा लागतो. शंका राहिलीच तर दोन बादल्या घ्या, दोन्हीत पावसाचं किंवा आरओचं पाणी, एकीत खडी, दुसरी नुसती, दोन्हीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड), आणि आठवडाभर रोज पीएच मोजा. खडीची बादली ८ कडे चढत गेली आणि नुसती तिथेच राहिली तर उत्तर मिळालं. ही टेस्ट हळू आहे पण हिच्यावर माझा विनेगरपेक्षा जास्त भरवसा आहे. माझी खडी दोन्हीत पास झाली, आणि मी थोडा निराशच झालो कारण मला चोर तिथेच सापडेल असं वाटलं होतं.

मग पाणी. जमिनीतून काढलेलं पाणी ताजं मोजलं तर ७.० किंवा ७.२ दाखवतं आणि आपण म्हणतो वा छान पाणी. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो, तो पीएच खाली दाबून ठेवतो. तेच पाणी बादलीत घेऊन २४ तास एअर स्टोन लावा आणि मग मोजा. माझं ७.१ चं पाणी दुसऱ्या दिवशी ८.२ दाखवत होतं, तेव्हा खुर्चीतच बसलो. सिस्टीममध्ये पाणी सतत हलतं, हवा मिसळते, त्यामुळे खरा आकडा दुसऱ्या दिवशीचा. पीएचबरोबर केएच पण मोजा, म्हणजे कार्बोनेटचा साठा किती ते कळतं, किटवरची १ डिग्री म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. उन्हाळ्यात हा प्रकार वाढतो कारण बाष्पीभवनात पाणी जातं, क्षार मागेच राहतात, आणि आपण परत तेच क्षाराचं पाणी भरतो. दर टॉपअपला कार्बोनेटचा नवा हप्ता.

यावर मी काय केलं तर ॲसिड. आणि ते थेट माशांच्या टाकीत. करू नका. सकाळी ७.८ वरून ७.० वर आणलं, मासे तळाशी गप्प बसले, दुसऱ्या दिवशी सकाळी परत ७.७. ॲसिडने बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड होतो, तो हवेत निघून गेला की पीएच परत वर उसळतो, आणि आत कार्बोनेटचा दगड कुठे पडलेला असेल तर ॲसिड तो अजून जोरात विरघळवतं. म्हणजे पीएचचा झोपाळा, आणि माशांना स्थिर ७.८ पेक्षा हा झोपाळा जास्त त्रास देतो. दिवसाला ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त बदल होऊ देऊ नका. आणि पीएच वर असताना अमोनियाकडे जास्त लक्ष ठेवा, कारण २५ अंशाच्या पाण्यात ७ ला एकूण अमोनियापैकी विषारी रूपात अर्धा टक्का वगैरे असतो, ८ ला तोच ५ टक्क्यांच्या वर जातो. किटवर दिसणारा एकूण आकडा तोच, पण माशाला लागणारं विष नऊ-दहा पट.

ॲसिड वापरायचंच तर टॉपअपच्या पाण्यावर, वेगळ्या ड्रममध्ये. हायड्रोक्लोरिक किंवा फॉस्फरिक, हातमोजे आणि चष्मा घालून, कायम पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. थोडं टाका, रात्रभर हवा मारा, सकाळी मोजा, परत चढलं असेल तर परत थोडं, असं ६.५ च्या आसपास ठरेपर्यंत. हायड्रोक्लोरिकने क्लोराइड साठत जातं, फॉस्फरिकने फॉस्फरस वाढतो, म्हणून कुठलंच एक वर्षानुवर्षं एकटं चालवू नका. विनेगर आणि सायट्रिक ॲसिड स्वस्त आणि निरुपद्रवी वाटतात म्हणून लोक टाकतात, पण जीवाणू विनेगर खाऊन टाकतात, खाताना ऑक्सिजन वापरतात आणि पीएच होता तिथे परत, आणि सायट्रिकचा जीवाणूंवर वाईट परिणाम होतो, आपले कामाचे जीवाणूही त्यात आले. त्यापेक्षा पावसाचं पाणी साठवता येत असेल तर अर्धं अर्धं मिसळा, ॲसिडची झंझट निम्म्याने कमी. मी शेवटी तेच केलं.

तरी पीएच ७.५ ला येऊन अडकला. खडी पास, पाणी सुधारलं, टाकी प्लास्टिकची. मला खरंच वेड लागायची पाळी आली होती. मग एक दिवस सम्पमधला (बेडमधून परत आलेलं पाणी जमा होतं त्या टाकीतला) पंप चोक झाला म्हणून बाहेर काढला, आणि त्याच्या खाली जाळीची पिशवी. शिंपल्यांची. दोन वर्षांपूर्वी सिस्टीम नवीन असताना पीएच ६ च्या खाली घसरला होता तेव्हा मीच टाकलेली, आणि पार विसरलेलो. शिंपले निम्मे विरघळले होते, म्हणजे काम चोख करत होते बिचारे. पिशवी काढली आणि तीन आठवड्यांत पीएच कोणी हात न लावता ६.९ वर आला.

तर तुमच्या सिस्टीममध्येही असं काही पडलंय का ते आधी बघा. शिंपले, अंड्याची टरफलं, पोवळ्याचे तुकडे, शोभेसाठी टाकलेले संगमरवरी गोटे, बेडच्या तळाला निचऱ्यासाठी घातलेली वेगळी खडी, पाइप टेकवायला ठेवलेली काँक्रीटची वीट. हे तपासायला काही लागत नाही, फक्त हात कोपरापर्यंत ओला करावा लागतो, आणि मी हे सगळ्यात शेवटी केलं.

खडीच दोषी निघाली तर काम मोठं आहे. ॲसिडमध्ये भिजवून चुनखडी संपत नाही, वरचा थर जातो आणि आतला ताजा उघडा पडतो, त्या भानगडीत पडू नका. बदलायची, पण सगळी एकदम नाही, कारण तुमचे जीवाणू त्या खडीवरच बसलेत. एक बेड बदला, तीन-चार आठवडे थांबा, त्या काळात खाणं निम्म्यावर आणा आणि अमोनिया रोज मोजा, मग दुसरा. एकच बेड असेल तर त्याचेच भाग पाडा. आणि बदलणं शक्यच नसेल तर ईडीडीएचए कायमचं चालू ठेवून जगता येतं, पण मग मँगनीज, जस्त आणि फॉस्फरस पण अडून राहणार हे धरून चाला, पालेभाज्या जमतील, टोमॅटो, स्ट्रॉबेरी रडवतील. सिमेंटच्या टाकीला माशांना चालणारं कोटिंग किंवा आतून लायनर, दुसरा मार्ग नाही.

आता, पीएच जागेवर आला म्हणजे लोह टाकायचं बंद असं नाही हां. माशांच्या खाण्यात माशाला पुरेल एवढंच लोह असतं, झाडाच्या गरजेला ते कमी पडतं, तसंच कॅल्शियम आणि पोटॅशियमचं. व्हर्जिन आयलंड्स युनिव्हर्सिटीत ॲक्वापोनिक्सचे संशोधक जेम्स रॅकोसी यांनी जी मोठी सिस्टीम वर्षानुवर्षं चालवली त्यातही दर तीन आठवड्यांनी लिटरला २ मिलिग्रॅम लोह चिलेट रूपात घालत, आणि पीएच ७ च्या आसपास धरायला कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आलटून पालटून. म्हणजे त्यांची अडचण पीएच खाली जाण्याची होती, चालत्या सिस्टीमची असायला पाहिजे तीच. दर तीन आठवड्यांनी लोह घालणं हा नेहमीचा खुराक आहे, आजार नाही. आजार तो, जेव्हा लोह टाकूनही दोन आठवड्यांत पिवळं दिसतं.

डोसचा हिशोब बरेच जण चुकवतात. १००० लिटरला २ मिलिग्रॅमने २ ग्रॅम शुद्ध लोह लागतं, पावडर तेवढी नाही. ११ टक्क्यांचं डीटीपीए असेल तर १८ ग्रॅम पावडर, ६ टक्क्यांचं ईडीडीएचए असेल तर ३३ ग्रॅम. आणि लिटर मोजताना खरं पाणी मोजा, खडीच्या बेडमध्ये खडीच जास्त असते, ५०० लिटरचा बेड म्हणजे ५०० लिटर पाणी नाही. बादलीत विरघळवून संध्याकाळी सम्पमध्ये हळूहळू ओता, ऊन थेट पाण्यावर पडलं तर चिलेट मोडतं, म्हणून टाक्या झाकलेल्या बऱ्या.

पीएच अजून वर आहे आणि झाडं मरायला टेकलीत अशी घाई असेल तर पानांवर चिलेटेड आयर्नची पातळ फवारणी करा, पाकिटावरच्या फवारणीच्या प्रमाणात किंवा त्याहून कमी, ऊन उतरल्यावर. बरेच लोक फवारणी चिकटावी म्हणून साबणाचे थेंब घालतात, इथे बिलकुल नाही, ते ओघळून पाण्यात गेलं की माशांच्या कल्ल्यांवर जातं.

पीएच एकदा खाली यायला लागला की आठवड्यातून एकदा तरी मोजा, कारण आता तो थांबणार नाही, ६.४ च्या खाली घसरायला लागला की चुना किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट चिमूट चिमूट करून घालायचं, ६ च्या खाली जीवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठायला लागतो. शिंपले परत टाकायचे असतील तर टाका, वाईट नाहीत ते, फक्त पिशवीला लांब दोरी बांधा आणि दोरीचं टोक टाकीच्या बाहेर ठेवा. मी आता तसंच करतो, दोरीला तारखेची चिठ्ठी पण लावलीये.

सुधारणा मोजताना पिवळी पडलेली जुनी पानं बघू नका, जास्त फिकी झालेली, पांढुरकी पडलेली पानं परत हिरवी होत नाहीत. शेंड्यातून निघणारं पुढचं पान बघा, आठ-दहा दिवसांत ते हिरवं निघालं पाहिजे. नाही निघालं तर मुळं परत एकदा उपटून बघा.